शेवटची पाच मिनिटं

पंचशीला सोनकांबळे यांचं टाचण धर्माबाद तालुक्यातल्या शिक्षकांत नावाजलेलं होतं. उद्या वर्गात काय शिकवायचं ते शिक्षकानं आदल्या दिवशी वहीत लिहून काढायचं, त्याला टाचण म्हणतात. बहुतेकांचं चार ओळींत आटोपतं. पंचशीलाबाईंचं दोन पानं चालायचं. कोणता प्रश्न कोणाला विचारायचा, आकृती फळ्याच्या कोणत्या बाजूला काढायची, इतकंच नव्हे तर 'इथं मुलं हसतील' हेसुद्धा त्या लिहून ठेवायच्या. आणि त्या जागी मुलं हसली नाहीत, तर दुपारभर त्यांना चैन पडायचं नाही.

ही सवय त्यांना उगीच लागलेली नव्हती. बावीस वर्षांपूर्वी इस्लापूरच्या पुढं एका तांड्यावरच्या शाळेत पहिली नेमणूक झाली. वडील रेल्वेत गँगमन. घरात नोकरीची पोरगी पहिलीच. तिसऱ्याच आठवड्यात तपासणीला एक साहेब आले आणि मागच्या भिंतीला टेकून बसले. अपूर्णांक शिकवायचे होते. बाई खडू घेऊन फळ्याकडं वळल्या आणि डोकं एकदम कोरं झालं. एक अक्षर आठवेना. पाठीमागं चाळीस लेकरं गप्प. साहेब भले होते, रागावले नाहीत. "पाणी प्या, मॅडम," एवढंच म्हणाले. त्या दिवशी त्यांनी ठरवलं, यापुढं वर्गात जाताना आपल्याला ठाऊक नाही असं काही शिल्लक ठेवायचं नाही.

सिरसवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत त्यांना आता सहा वर्षं झाली होती. धर्माबादेत घर, तिथून स्कूटीवर पंचवीस मिनिटं. सातवीचा वर्ग, एकतीस मुलं. गेल्या जून महिन्यात ग्रामपंचायतीची इंटरनेटची लाइन शाळेपर्यंत आली आणि गावानं लोकवाट्यातून सहा टॅब घेऊन दिले. मुख्याध्यापक उमाशंकर सरांनी ते कपाटात ठेवून कुलूप लावलं. म्हणाले, "आधी मॅडमनी नियोजन करावं, मग उघडू."

बाईंनी नियोजन केलं. दर गुरुवारी चौथा तास. पाच-सहा मुलांत एक टॅब. फळ्यावर एक प्रश्न, मुलांनी उत्तर शोधायचं, वहीत लिहायचं. पहिल्या गुरुवारी प्रश्न दिला, 'मिरची आपल्या देशात कशी आली?' सहाही गटांच्या वह्या तपासायला घेतल्या, तर सगळीकडं उत्तर एकच, शब्द न् शब्द सारखा. एका गटानं तर 'अधिक वाचा' हेसुद्धा उत्तरात उतरवलं होतं. बाईंना आधी राग आला, मग हसू आलं. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी मिरचीचं शेत, उरलेल्यांच्या आया धर्माबादला मिरचीचे देठ खुडायला जाणाऱ्या. आणि त्याच मुलांनी मिरचीबद्दल स्वतःचं एक वाक्य लिहिलं नव्हतं.

चूक मुलांची नव्हती, प्रश्नाची होती. ज्याचं उत्तर आयतं मिळतं तो प्रश्न विचारून मुलांना काय येतं हे कसं कळणार? पुढच्या गुरुवारी त्यांनी प्रश्न बदलला: 'तुमच्या घरची मिरची वाळायला किती दिवस लागले? नेटवर काय लिहिलंय? फरक का पडला?' मग मात्र वर्ग बोलायला लागला. दव, गच्ची, ताडपत्री, आजीचं म्हणणं, सगळं वहीत यायला लागलं.

दिवाळीनंतर पोरांनीच मागणी केली. सत्यम नावाचा एक चळवळ्या पोरगा उभा राहून म्हणाला, "मॅडम, सगळे प्रश्न तुमचेच. आमचे कधी?"

बाईंना ते पटलं, पण जडही गेलं. मुलं काय विचारतील ते आधी कसं लिहून ठेवणार? शेवटी टाचणात त्यांनी एक ओळ घातली, 'शेवटची पाच मिनिटं: ज्याचा त्याचा प्रश्न', आणि पुढची जागा आयुष्यात पहिल्यांदा मोकळी सोडली. दर गुरुवारी प्रत्येक गटातल्या एकानं आपल्या मनातलं काहीही शोधायचं. रेल्वेचा डबा किती वजनाचा असतो. कोंबडी अंड्यांवर किती दिवस बसते. वीज पडते तेव्हा झाडाखाली का थांबू नये. पाच मिनिटांची दहा व्हायला लागली आणि बाईंनाही त्याची गोडी लागली.

जानेवारीतल्या तिसऱ्या गुरुवारी शिवांगीचा नंबर होता.

शिवांगी दुसऱ्या बाकावरची पोरगी. अक्षर सुबक, बोलणं कमी. त्या दिवशी ती टॅब घेऊन कोपऱ्यात गेली आणि पाठ भिंतीला लावून बसली. बाई पलीकडच्या गटात पासवर्डचं काहीतरी बिघडलं होतं ते बघत होत्या. तेवढ्यात सत्यमनं मान लांब करून डोकावलं आणि तो ओरडलाच, "मॅडम! ही बगा काय बघून राहिली!"

वर्ग उसळला. शिवांगीनं टॅब पोटाशी दाबून धरला. बाई गेल्या, टॅब काढून घेतला. पडद्यावर स्त्रीच्या छातीचं चित्र होतं, डॉक्टरांच्या पुस्तकात असतं तसं. बाईंनी बटण दाबून पडदा विझवला. "सत्यम, खाली बस. शिवांगी, तू पण." आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा कडक निघाला. तेवढ्यात घंटा झाली. शिवांगी मान खाली घालून बसली होती. ती रडत नव्हती, आणि तेच बाईंच्या मनात राहिलं.

दुसऱ्या सुट्टीपर्यंत गोष्ट चौथीच्या वर्गात पोचली होती आणि दुपारपर्यंत पारावर. जाता जाता ती वाढत गेली. चित्राचा व्हिडिओ झाला, एका मुलीच्या सगळ्या मुली झाल्या. शाळा सुटायच्या आत शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष अण्णाराव यांचा फोन आला. अण्णाराव वाईट माणूस नव्हे. टॅबसाठी घरोघर फिरून लोकवाटा गोळा करणारा तोच होता, आणि म्हणूनच त्याला जास्त लागलं होतं.

"मॅडम, गावात लई बोभाटा होऊन राहिला. म्हणतेत, शाळेत लेकरायला घाण दावायलेत. शनवारी समिती बोलावतो. तुमी तयारीनं या."

उमाशंकर सर घाबरले. त्यांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. "मॅडम, कनेक्शनच बंद करू. वाद मिटेल. तुमच्यावर कशाला येऊ द्यायचं?"

"मला आधी बघू द्या सर, काय झालंय ते," बाई म्हणाल्या.

शाळा सुटली. शिपाई वर्गांना कुलपं लावत होता तेव्हा बाईंनी कार्यालयात बसून तो टॅब उघडला. काय काय शोधलं त्याची यादी टॅबमध्ये राहते, हे मुलांना ठाऊक नव्हतं. सगळ्यात वर चौथ्या तासाचे तीन प्रश्न होते. एकाखाली एक.

'आईच्या छातीत गाट हाय'

'गाट दुखत नसल तर काय'

'गाटीमुळं आई मरती का'

बाईंनी तिन्ही ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या. मग टॅब टेबलावर पालथा ठेवला. बाहेर शिपायाच्या चाव्यांचा आवाज येत होता. थोड्या वेळानं त्या उठल्या आणि कपाटातून मूल्यमापनाची नोंदवही काढली. प्रत्येक मुलाबद्दल शिक्षकानं दोन-चार वाक्यं लिहायची असतात, ती वही. शिवांगीचं पान काढलं. दिवाळीआधी गणिताच्या चाचणीत वीसपैकी सतरा. डिसेंबरात आठ. भाषेत सोळाचे नऊ. आणि त्याखाली त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: 'अभ्यासातील रस कमी झाला आहे. लक्ष देणे आवश्यक.'

लक्ष देणे आवश्यक. कोणी द्यायचं होतं ते लक्ष?

बाईंचा आपल्या मोजमापावर मोठा विश्वास होता. गुण कमी झाले की त्या बरोबर टिपायच्या, कोणत्या घटकात, कोणत्या प्रकारच्या प्रश्नात, हेही टिपायच्या. सतराचे आठ झाले हे त्यांनी अचूक लिहिलं होतं. का झाले, हे त्या पोरीला एकदाही विचारलं नव्हतं. विचारायला फार वेळ लागला नसता. दोन महिने ती पोर काळजात दगड घेऊन त्यांच्यासमोर दुसऱ्या बाकावर बसत होती, आणि त्या तिला अपूर्णांकांची जादा गणितं देत होत्या.

शुक्रवारी सकाळी परिपाठाच्या आधी त्यांनी शिवांगीला व्हरांड्यात बोलावलं. पोरगी आली, पण खांबाला धरून उभी राहिली.

"शिवांगी, मी रागावले नाही. काल तू काय विचारलंस ते मी वाचलं."

तिच्या तोंडाचा रंग उडाला. "मॅडम, मी कोणाला सांगितलं न्हाई. आईची शपत हाय. तिनं माझ्या डोक्यावर हात ठुवून घातली."

"काय म्हणाली आई?"

"नहाताना मला म्हणली, हात लावून बघ, तुला काई लागतंय का. लागलं. मग म्हणली, बापाला सांगू नको, आज्जीला सांगू नको, कोणत्या माणसाला सांगू नको." मग अगदी हळू म्हणाली, "टॅब माणूस न्हाई ना, मॅडम?"

बाराच वर्षांची पोर. शपथ मोडू नये म्हणून तिनं अख्ख्या गावातून एकच जागा शोधून काढली होती, आणि ती जागा म्हणजे त्यांच्या टाचणातली ती मोकळी सोडलेली पाच मिनिटं.

"नाही," बाई म्हणाल्या. "टॅब माणूस नाही. तू शपथ मोडली नाहीस. आता हे माझ्याकडं दे. तू फक्त शाळेत ये."

"आई मरती का, मॅडम?"

टाचण असतं तर याचं उत्तर तयार ठेवता आलं असतं. बाईंनी जे खरं होतं तेच सांगितलं. "मला माहीत नाही. पण बहुतेक गाठी साध्या असतात, हे मला माहीत आहे. आणि आपण तिला दाखवणार आहोत."

त्या दिवशी त्यांनी अर्धी रजा टाकली आणि दुपारी धर्माबादला मिरचीच्या शेडवर गेल्या. शेडपासून दोन गल्ल्यांवर आलं की ठसका लागतो. बाईंनी पदर नाकाला लावला. आत पन्नास-साठ बाया तोंडाला फडकी बांधून मिरचीच्या ढिगाऱ्यांभोवती बसल्या होत्या. देठ खुडणारी बोटं थांबत नव्हती. शिवांगीची आई जगदेवी कोपऱ्यात होती. वय तेहतीस-चौतीस, अंगानं काटक. मॅडमला पाहताच ती हातातली मिरची टाकून उठली.

"काय झालं? पोरगी बरी हाय ना?"

"पोरगी बरी आहे. तुमच्याशीच बोलायचंय. जरा बाहेर या."

बाहेर बाभळीच्या सावलीत उभं राहून बाईंनी घडलेलं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. जगदेवी ऐकत गेली. आधी तिनं पदर छातीवर ओढून घेतला. मग डोळे भरले. हात मिरचीनं माखलेले, डोळे पुसताही येईनात.

"मला वाटलं, दुखत न्हाई तर काय व्हतंय," ती म्हणाली. "दिवाळीपून हाय. दवाखान्यात जावं तर सगळ्या गावाला कळंल. आमच्या मावशीला असंच झालं होतं. तिच्या घरी कोणी पानी पिईना. माझ्या पोरीचं लगीन व्हायचंय मॅडम, उद्या कोणी काई म्हणलं तर?"

"पोरीच्या लग्नाला अजून दहा वर्षं आहेत. त्या लग्नात तुम्ही पाहिजेत का नको?"

जगदेवीनं दंडानं डोळे टिपले.

"माझी मुलगी विशाखा नांदेडला सरकारी दवाखान्यात नर्स आहे," बाई पुढं म्हणाल्या. "सोमवारी सकाळच्या गाडीनं जा. ती तुम्हाला स्टेशनवर घ्यायला येईल, लेडी डॉक्टरकडं नेईल. गावात कोणाला काही सांगायचं नसलं तर सांगू नका. पण शिवांगीच्या बापाला सांगा. एकटीनं हे ओढू नका, आणि त्या लेकराला तर मुळीच ओढू देऊ नका."

"उद्या समिती हाय म्हणे तुमच्यावर," जगदेवीनं विचारलं. "तुमी माझं नाव सांगताल तिथं?"

"नाही."

"मग तुमी सुटताल कशा?"

"सोमवारची गाडी चुकवू नका," म्हणून बाईंनी स्कूटी चालू केली.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर सातवीच्या वर्गात समिती बसली. अण्णाराव, इतर आठ-नऊ पालक, उमाशंकर सर. दाराशी आणखी वीस-पंचवीस माणसं गोळा झाली होती. अण्णारावांनी सरळच विचारलं.

"मॅडम, आमचं म्हणणं एवढंच हाय. त्या टॅबवर काय दिसलं, ते आमाला दावा. समद्यांच्या समोर. मग खोटं-खरं व्हईल."

टॅब बाईंच्या समोरच टेबलावर होता. एक बटण दाबलं की तीन ओळी सगळ्यांना वाचता आल्या असत्या, आणि त्या ओळी वाचून तिथं एकही माणूस तोंड उघडू शकला नसता. बाईंनी टॅबवर हात ठेवला.

"घाण काही नव्हतं. शरीराच्या आजाराची माहिती होती, चित्रासकट. यापेक्षा जास्त मी दाखवणार नाही. एका लेकरानं विश्वासानं विचारलेला प्रश्न आहे तो. तुमच्यापैकी कोणाच्याही लेकरानं विचारला असता, तरी मी दाखवला नसता."

"म्हणजे लपवून राहिले तुमी," दारातून कोणीतरी बोललं.

"हो, लपवते आहे. आणि माझी चूकही सांगते. मुलं टॅबवर असताना मी दुसऱ्या गटात गुंतले होते. शोधायच्या आधी प्रत्येकानं आपला प्रश्न मला दाखवायला पाहिजे होता, तशी व्यवस्था मी केली नव्हती. ती जबाबदारी माझी."

मग बराच वेळ बोलणी झाली. कोणी म्हणालं टॅब विकून टाका, कोणी म्हणालं मॅडमची बदली मागा. हे लोक एरवी त्यांना वाटेत थांबवून लेकरांच्या अभ्यासाचं विचारणारे. आज त्यांच्याकडं बघत नव्हते. त्या गावात आपण बाहेरच्या आहोत, आणि नुसत्या बाहेरच्याच नाही, हेही त्यांना त्या एका तासात दोन-तीन जणांच्या बोलण्याच्या वळणावरून समजलं. शेवटी इंटरनेट पुढच्या बैठकीपर्यंत बंद ठेवायचं ठरलं. ठरावावर बाईंनी सही केली. घरी जाताना मात्र त्यांनी दोनदा पायानं गिअर शोधला. त्यांची स्कूटी बिनगिअरची होती.

सोमवारी जगदेवी नवऱ्याला घेऊन नांदेडला गेली. नवरा, रामकिशन, अबोल शेतकरी. विशाखानं रात्री फोन केला, "आई, ते काका दिवसभर बाहेरच्या बाकड्यावर बसले होते. काकूंचं सगळं सामान मांडीवर घेऊन बसले होते, कोणाला हात लावू देईनात." सोनोग्राफी झाली, सुईनं तपासणी झाली. रिपोर्टला आठवडा लागणार होता.

तो आठवडा बाईंना वर्षासारखा गेला. टाचण त्या लिहायच्या, पण लिहिलेलं एकीकडं आणि शिकवणं एकीकडं असं व्हायचं. त्यांनी वर्गात एक नवी गोष्ट सुरू केली. रोज मधल्या सुट्टीत दोन मुलांना बोलवायचं आणि गुणांचं काही न बोलता नुसतं विचारायचं, "काय चाललंय घरी?" सत्यमचा नंबर आला तेव्हा तो आधीच रडकुंडीला आला. "मॅडम, मी ओरडाया नको होतं. मला वाटलं गंमत हाय." त्याचा बाप हैदराबादेत बांधकामावर होता आणि चार महिने घरी आला नव्हता, हेही बाईंना तेव्हाच कळलं. एकतीस मुलांना पंधरा-सोळा दिवस लागणार होते. बावीस वर्षांत आपण हे केलं नाही, याची त्यांना लाज वाटली. आता करतोय, याचं बरंही वाटलं.

पुढच्या मंगळवारी तिसरा तास चालू होता. टक्केवारी. टेबलावरचा फोन थरथरला. शाळेच्या वेळात बाई फोन घेत नसत. नाव जगदेवीचं दिसलं आणि खडू तसाच हातात धरून त्या व्हरांड्यात आल्या.

पलीकडून नुसता गाड्यांचा, माणसांचा आवाज. मग जगदेवीचा.

"मॅडम..."

"बोला."

"साधी हाय म्हणे. साधी गाट हाय, मॅडम. कॅन्सर न्हाई. डॉक्टरीण म्हणली सा महिन्यानं परत दावा, घाबरू नका." आणि ती हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. मग फोन रामकिशननं घेतला. तो इतकंच म्हणाला, "मॅडम, बरं झालं." थोडं थांबून पुन्हा, "लई बरं झालं."

हातातला खडू कधी मोडला ते कळलं नाही. मग त्यांनी वर्गाच्या दारातून शिवांगीला हाक मारली आणि काही न सांगता फोन तिच्या कानाला लावला. आईनंच सांगितलेलं बरं. शिवांगी ऐकत राहिली. "हाव," म्हणाली. "हाव, आई. हाव." एवढंच. फोन परत देताना तिनं बाईंच्या पदराचं टोक पकडलं आणि बराच वेळ सोडलं नाही. बाईंनीही सोडवून घेतलं नाही. आत तीस मुलं टक्केवारी विसरून दंगा करत होती, करू दिला.

वर्गात परतल्यावर बाईंना कुठपर्यंत आलो होतो ते आठवलं नाही. त्यांनी मुलांनाच विचारलं, "आपण कुठं होतो रे?" वर्ग एका सुरात ओरडला, "वीस टक्के, मॅडम!" आपण विसरलो याची त्यांना त्या दिवशी जराही भीती वाटली नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी समितीची पुढची बैठक झाली. विषय एकच, इंटरनेट कायमचं बंद करायचं का. अण्णाराव बोलायला उठले तोच दारातून जगदेवी आत आली. मागं रामकिशन. ती बाकावर बसली नाही, उभीच राहिली. पदर खोचलेला.

"मला बोलायचंय. त्या दिशी टॅबवर माझ्या पोरीनं बघितलं. घाण नव्हती ती. माझ्या छातीत गाट होती. मी लेकराला शपत घातली, मनून तिनं माणसाला इचारलं न्हाई, मशीनीला इचारलं. मॅडमला समदं ठावं होतं. इथं बसून तुमी त्यायला नाय नाय ते बोलले, तरी त्यायनी माझं नाव घेतलं न्हाई. नांदेडला जाऊन आले मी. गाट साधी निघाली. पर साधी नसती निघाली अन् मी तशीच बसले असते, तर?"

दारातल्या पुरुषांनी नजरा फिरवल्या. समितीतल्या एक आज्जी मात्र उठल्या आणि जगदेवीला आपल्या शेजारी जागा करून दिली.

अण्णारावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मॅडम, तुमी त्याच दिशी कामून बोलले न्हाई? आमी कशाला एवढं तोंड टाकलं असतं?"

"ती गोष्ट माझी नव्हती, अण्णाराव. ज्यांची होती, त्यांनी सांगितली."

अण्णारावांनी टोपी परत डोक्यावर चढवली. मग उमाशंकर सरांना म्हणाले, "सर, लिवा. इंटरनेट चालू करायचं. मॅडम जे नियम सांगतील ते." बाईंनी दोनच नियम सांगितले. प्रश्न आधी कागदावर लिहून मॅडमला दाखवायचा. आणि ज्याला प्रश्न चारचौघांत दाखवायचा नसेल, त्यानं चिठ्ठी घडी घालून डब्यात टाकायची. ती मॅडम एकट्या वाचतील आणि गरज पडेल तिथं टॅबच्या आधी माणूस शोधतील. ठराव एकमतानं झाला. सही करताना उमाशंकर सर पुटपुटले, "सुटलो बुवा."

बैठक संपल्यावर बाया मागं रेंगाळल्या. एकीनं बाईंना कोपऱ्यात घेऊन विचारलं, नांदेडची ती डॉक्टरीण रोज असते का. दुसरीनं तेच विचारलं, पण जावेसाठी म्हणून. मार्चमध्ये विशाखानं सुट्टीच्या दिवशी सोबत यायचं कबूल केलं आणि सिरसवाडीतून अकरा बाया एका जीपमध्ये दाटीवाटीनं बसून तपासणीला गेल्या. पुढच्या सीटवर जगदेवी होती, वाट दाखवायला. एकीला शुगर निघाली, एकीला रक्त कमी निघालं, बाकी सगळ्या ठणठणीत. परत येताना उन्हं कलली होती. धर्माबादेत स्टेशनजवळ जीप थांबली आणि पंचशीलाबाई तिथं येऊन उभ्या होत्या. सगळ्याजणींनी उसाचा रस मागवला. त्या दिवशी कोणाचा कोणता रिपोर्ट, कोणाची सुई कशी टोचली, डॉक्टरीण किती तरुण होती आणि तिला नवरा होता की नव्हता, यावर एवढा गलका झाला की रसवाला यंत्र थांबवून ऐकत उभा राहिला.